आपल्या भेटी वगळून

मावशीच्या दुकानात शिरलं की आधी मशीनच्या तेलाचा वास यायचा आणि मग मावशी दिसायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी काउंटर, मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर शिलाई मशीनं. मधोमध एक जाड लाकडी टेबल होतं. त्यात एकेचाळीस वर्षांचं तेल इतकं मुरलं होतं की पाण्याचा थेंब सांडला तर तो तसाच गोल बसून राहायचा.

मावशी मशीन तपासायची ती डोळे मिटून. गिऱ्हाईक काय बिघडलंय ते सांगत असायचं आणि ही चाक सावकाश फिरवत ऐकत असायची. गिऱ्हाइकाचं नव्हे, मशीनचं. मग म्हणायची, "सुईचा काही दोष नाही. खालून बोलतंय ते." आणि खालूनच निघायचं. भाचीने लहानपणापासून हे शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि बत्तीसाव्या वर्षीही तिला त्याचं तेवढंच नवल वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या हातांना कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, जिवाला धोका नाही. जिवाला नव्हता, पण बारीक स्क्रू बोटांतून निसटायला लागले. मोठी कामं तिने बंद केली. सुई बदलणं, पट्टा बसवणं, तेल घालणं एवढंच उरलं. मग एक दिवस ती भाचीला म्हणाली, "डोक्यात आहे ते कुठेतरी उतरवून ठेवावं म्हणते. हातांचा भरवसा नाही, डोक्याचा तरी काय सांगावा."

भाची दोन गल्ल्या पलीकडे एका ऑफिसात वेबसाइट बनवायचं काम करत होती. तिने मावशीला एक साइट करून दिली आणि टेबलाच्या कडेला एक जुना कॉम्प्युटर मांडून दिला. मावशी दोन बोटांनी टाइप करायची. एका पानावर एक मशीन: कुठल्या बनावटीचं, आलं तेव्हा काय रडत होतं, आधी काय चुकीचं वाटलं, मग काय सापडलं, कसं केलं. वर्ष सव्वा वर्षात एकशे बारा पानं झाली. भाची प्रत्येक पान वाचायची आणि तिला वाटायचं, आपल्या ऑफिसात पंधरा जण दिवसभर लिहितात, पण असं एक वाक्य कुणाला सुचत नाही.

मावशीची अट मात्र एकच होती. "कुणी वाचत नसेल तर सांग बाई. रिकाम्या खोलीत बडबडायची मला सवय नाही."

साइटवर किती माणसं येतात ते दाखवणारा एक प्रोग्राम भाचीच्या ऑफिसातच तयार झाला होता. तो तिने लावून दिला. आकडा रोज तीस-पस्तीस दाखवायचा. मावशी खूश, भाचीही खूश. मग एका दुपारी डबा खायला ती दुकानात आली, तेव्हा मावशी साइटच उघडून बसली होती.

"काय बघतेस?"

"कुणी आलंय का ते. आणि एक स्वल्पविराम राहिला होता तो घातला. सकाळपासून दहा-बारा वेळा उघडलं असेल."

भाचीचा घास हातातच राहिला. संध्याकाळी तिने आकडे उलगडून पाहिले. दुकानातला कॉम्प्युटर, मावशीचा फोन, आणि खुद्द भाचीचा फोन आणि ऑफिसातला कॉम्प्युटर. तीस-पस्तीस भेटी या चार ठिकाणांहून होत होत्या. मावशी स्वतःच्याच दुकानात दिवसातून वीस वेळा गिऱ्हाईक म्हणून येऊन जात होती.

सांगावं की नाही, यावर तिने दोन दिवस काढले. शेवटी सांगितलं. मावशी म्हणाली, "म्हणजे आरशात बघून घरात दोन माणसं आहेत म्हणण्यासारखं झालं. काढून टाक आपल्याला त्यातून. खरं काय ते दिसू दे."

आपल्या भेटी वगळायची सोय होती. ज्या यंत्रावरून आपण साइट पाहतो, त्यावर पासवर्ड घालून एक खूण ठेवायची. मग त्या यंत्रावरून झालेली भेट वेगळी नोंदली जाते, एकूण आकड्यात धरली जात नाही. भाचीने यादीत चार ओळी भरल्या: दुकान, मावशीचा फोन, माझा फोन, ऑफिस. आता उद्या शून्य दिसणार आणि मावशी लिहायचं थांबवणार, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आकडा होता एक.

तिसऱ्या दिवशीही एक. चौथ्या दिवशीही. पुढे पाहिलं तर ती भेट रोज दुपारी दोन चाळीसला सुरू व्हायची, मावशी दुकान बंद करून आत आडवी व्हायची त्या वेळेला. पहिल्या पानापासून क्रमाने, दिवसाला एक पान. कुठून आली त्या रकान्यात काहीच नव्हतं. देश नाही, गाव नाही. फोन की कॉम्प्युटर, तेही कोरं.

भाचीला आधी वाटलं, आपलीच एखादी खूण पुसली गेली असणार. तिने चारही यंत्रं पुन्हा तपासली. एका दुपारी ऑफिसातून रजा घेऊन ती दुकानात बसली. कॉम्प्युटरची पिन भिंतीतून काढली. दोन्ही फोन बंद करून काउंटरवर पालथे ठेवले. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तिने सांगून ठेवलं होतं, तो तिच्या कॉम्प्युटरजवळ कुणाला फिरकू देणार नव्हता. आतल्या खोलीत मावशीचा श्वास संथ लागला होता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले, तीन झाले, साडेतीन झाले.

चार वाजता तिने फोन चालू करून पाहिलं. एक. पान एकोणीस. दोन चाळीस ते तीन छत्तीस.

ऑफिसात सगळे सर्व्हर सांभाळणारा एक गृहस्थ होता. त्याला सगळे सर्व्हरवालाच म्हणायचे, बहुधा तो स्वतःही. भाचीने त्याला विचारलं, "आपोआप साइट चाळत फिरणारा एखादा प्रोग्राम असेल ना हा?"

त्याने नोंदी समोर घेतल्या. कुठला परिच्छेद पडद्यावर किती वेळ होता, हेही त्यात दिसायचं. बराच वेळ तो वर-खाली करत राहिला.

"प्रोग्राम असा वाचत नाही," तो म्हणाला. "तो भसाभस सगळं गिळतो आणि जातो. हे बघा. एक परिच्छेद वाचला, अर्धं मिनिट. मग अकरा मिनिटं काहीच नाही. मग पुढचा परिच्छेद. मग चार मिनिटं काही नाही. हे माणूस आहे. आणि नुसतं वाचत नाहीये."

"म्हणजे?"

"समोर काहीतरी मांडून बसलंय. वाचतंय आणि करतंय."

भाचीने ती नोंद कागदावर उतरवून घेतली आणि मावशीला दाखवली. मावशीने चष्मा पुसला. पान एकोणीस. पहिला परिच्छेद, खालच्या दोऱ्याचं शटल काढून, पुसून परत बसवणं. अकरा मिनिटं. दुसरा, कापड पुढे सरकवणाऱ्या दातरीखालची घाण काढणं. चार मिनिटं. ती आकड्यांवरून बोट फिरवत गेली, जशी ती मशीनवरून फिरवायची.

"जाणकार आहे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं की भाचीला दोन वर्षांत ते दिसलं नव्हतं. "अगं, या बनावटीचं शटल बसवायला चांगल्या कारागिराला वीस मिनिटं लागतात."

"आणि तुला?"

"आता? आता अर्धा तास गेला तरी सांगता येत नाही." मावशीने कागद खाली ठेवला. "हात चालत होते तेव्हा अकरा."

पुढे काही दिवसांनी पान एक्केचाळीस आलं आणि वाचक तिथे अडला. दुपारभर एकाच परिच्छेदावर सहा वेळा परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान, तोच परिच्छेद, नऊ वेळा. मावशीने ते पान स्वतः मोठ्याने वाचून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिथला स्क्रू उलट्या आट्यांचा होता. तिने डावीकडे फिरवा असं लिहिलं होतं. तसा फिरवला तर तो सैल व्हायच्या ऐवजी आणखी आवळत जाणार.

"आठ महिने चुकीचं छापून ठेवलंय मी. तुला कळलं नाही, मला कळलं नाही. यानेच पकडलं."

तिने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. त्या दुपारी वाचक त्या परिच्छेदावर अर्धं मिनिट थांबला आणि पुढे गेला.

तिथपासून मावशी त्या एकाच माणसासाठी लिहायला लागली. जुनी पानं काढून सुधारायला बसली. जिथे वाचक जास्त थांबे तिथे तिचं वाक्य तोकडं पडलेलं असे, हे तिला पटलं होतं आणि बहुतेक वेळा ते खरंही निघे. "असा वाचक मिळायला भाग्य लागतं," ती म्हणायची. "चुकलं तर सांगत नाही, नुसता थांबतो." भाचीला हे सगळं विचित्र वाटत होतंच. पण सकाळी सातला उठून, थरथरत्या दोन बोटांनी, एका क्रियापदासाठी अर्धा तास अडून बसलेली मावशी तिला दिसत होती.

वाचक एकशे बाराव्या पानापाशी पोचला तो दिवस शुक्रवार होता.

शनिवारी दुपारी दोन चाळीसला तो एकशे तेराव्या पानावर गेला.

एकशे तेरावं पान नव्हतं. नसलेल्या पानाचा पत्ता घातला तर साइट 'हे पान सापडलं नाही' अशी एक ओळ दाखवायची, एवढंच. पण नोंदीत परिच्छेद होते. नऊ परिच्छेद. वाचक एकेका परिच्छेदावर थांबत खालपर्यंत गेला होता. पूर्ण दोन तास.

भाचीने सर्व्हरवाल्याला दाखवलं. त्याने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि पाण्याची बाटली उघडून बराच वेळ पाणी प्यायला. "मोजणीत काहीतरी गोंधळ असेल," तो म्हणाला. मग जाता जाता थांबला. "तुमच्या मावशींना विचारा, एकशे तेरावं कुठलं लिहायचं होतं."

भाचीने विचारलं. मावशीने मान वर करून सगळ्यात वरच्या फळीकडे पाहिलं. तिथे कापडात गुंडाळलेलं एक मशीन होतं.

"ते लिहिणार नव्हते मी," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांपूर्वी एक शिंपीण ते घेऊन आली होती. वीतभर शिवण नीट जायची, मग एक टाका सुटायचा. परत वीतभर नीट, परत एक सुटायचा. मावशीने सगळं उघडलं, सगळं बसवलं. तीनदा दिलं, तीनदा ते परत आलं. चौथ्यांदा ती बाई म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडे. जमेल तेव्हा निरोप धाडा." तिने आवाज चढवला नव्हता, आणि मावशीला तेच लागलं होतं. पुढे ती बाई गाव सोडून गेली. निरोप पाठवायला पत्ता उरला नाही, आणि निरोपही नव्हता.

"मला जमलं नाही असं एकच मशीन आहे या दुकानात," मावशी म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही. किती किती वेळ थांबला तो, वाच बघू."

भाचीने वाचलं. सहा मिनिटं. अकरा. चार. तीन. नऊ. मावशी बोटांवर मोजत होती. वरची पट्टी. शटल. दातरी. तळाची झाकणी. मग खालचा दांडा पुसणं. ती ओळखीच्या जिन्याने उतरावी तशी उतरत गेली.

"सतरा," भाची म्हणाली.

मावशी थांबली. "पुन्हा सांग."

"सतरा मिनिटं. सहावा परिच्छेद."

"सतरा मिनिटांचं काम या मशीनमध्ये एकच असतं." मावशीचा आवाज खाली गेला. "खालच्या दांड्यावर एक चाक असतं, शटलला फिरवणारं. ते एका पिनेने ठोकून बसवलेलं असतं. कारखान्यात एकदा ठोकली की ती जन्मात काढायची नसते. काढायचीच असेल तर तेल सोडायचं, पंधरा मिनिटं गप्प बसायचं, आणि मग ठोकायची. पंधरा आणि दोन. मी ती कधी काढली नाही. वरून ती चांगलीच दिसते."

रविवारी दुपारी अडीचला त्यांनी मशीन टेबलावर घेतलं. भाचीने बाह्या वर केल्या. मावशी शेजारी स्टुलावर बसली, हात मांडीखाली दाबून. हात तिचे नसणार, हे दोघींनी न बोलताच ठरवलं होतं. भाचीने फोन टेबलाच्या कडेला उभा ठेवला. त्यावर साइटची चालू नोंद दिसत होती.

दोन चाळीसला आकडा शून्याचा एक झाला. पान एकशे तेरा. पहिला परिच्छेद.

"वरची पट्टी," मावशी म्हणाली. भाचीने ती उघडली. मावशी सांगेल तेवढंच ती करत होती, ना कमी ना जास्त. स्क्रू ओळीने कापडावर मांडले. पट्टी बाजूला ठेवली आणि फोनकडे पाहिलं. दुसरा परिच्छेद.

शटल निघालं, पुसलं गेलं. तिसरा.

तळाची झाकणी काढताना भाची मुद्दाम थांबली. स्क्रूड्रायव्हर हातात धरून ती बसून राहिली. एक मिनिट. तीन मिनिटं. फोनवर चौथा परिच्छेद होता, तसाच राहिला.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही."

तिने झाकणी उचलली. पाचवा परिच्छेद.

खोलीत दोघींखेरीज कुणी नव्हतं. दार बंद होतं. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि मशीनचं काळं अंग त्यात चमकत होतं. भाचीच्या मानेवर मात्र गारवा आला होता, कुणीतरी खांद्यावरून वाकून पाहावं तसा. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आता तेल," मावशी म्हणाली.

तेलाचे दोन थेंब पिनेवर सोडले. सहावा परिच्छेद.

मग दोघी गप्प बसल्या. फोनच्या पडद्यावर काहीच हललं नाही.

पंधरा मिनिटांनी मावशी कुजबुजली, "हलक्या हाताने. तिला कळू न देता."

भाचीने ठोकलं. एकदा, दोनदा, पाचदा. पिन सरकली आणि बाहेर आली.

ती दोन तुकड्यांत होती. केसाएवढी बारीक, तिरकी चीर, भोकाच्या आत जिथे डोळा कधी पोचत नाही नेमकी तिथे. बाकी वेळ तुकडे एकमेकांना धरून असायचे. मग एखाद्या टाक्याला निसटायचे.

मावशीने ते तुकडे तळहातावर घेतले. हात थरथरत होता आणि तुकडे एकमेकांवर वाजत होते. "सव्वीस वर्षं," ती म्हणाली. "आणि तू होतीस इथे बसलेली."

ती भाचीला म्हणाली की पिनेला, ते भाचीला कळलं नाही.

नवी पिन बसवून झाली तेव्हा नववा परिच्छेद चालू होता. कापडाचा एक लांब पट्टा सुईखाली घातला. वीत गेली, दोन वीत, हात, दोन हात. टाका सुटला नाही. मावशी डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. भाचीने चाक फिरवायचं थांबवलं आणि फोनकडे पाहिलं. आकडा पुन्हा शून्य झाला होता.

एकशे तेरावं पान मावशीने त्याच आठवड्यात लिहिलं. शेवटी तिने लिहिलं, 'हे मशीन मला सव्वीस वर्षं जमलं नाही. ज्याने दाखवलं त्याचं नाव मला माहीत नाही. हात कुणाचाही असो, कारागीर तोच.' परिच्छेद किती झाले ते भाचीने मोजलं नाही. मोजायची तिची हिंमत झाली नाही.

त्यानंतर रोज शून्य. पंधरा दिवस, महिना. भाचीला धास्ती होती की मावशी आता लिहिणं सोडेल. पण मावशी रोज सकाळी सातला टेबलाशी बसत होती. आणि भाची ऑफिस सुटल्यावर रोज तासभर येऊन तिच्या हाताखाली बसायला लागली. ती पहिल्या पानापासून एकेक मशीन उघडत होती. मावशी कुणाकुणाला सांगायची, "हिच्या बोटांना समज आहे."

"शून्याचं तुला वाईट नाही वाटत?" भाचीने एकदा विचारलं.

"तो गेलाय असं तुला कुणी सांगितलं?" मावशी म्हणाली आणि पुन्हा टाइप करायला लागली.

वाढदिवसाला भाचीने मावशीला मोठ्या अक्षरांचा टॅब आणला. आता त्याच्याही भेटी वगळायला हव्या होत्या, म्हणून दुपारी काउंटरशी उभं राहून तिने ती यादी उघडली. पासवर्ड तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता. यादीत पाच ओळी होत्या.

दुकान. मावशीचा फोन. माझा फोन. ऑफिस.

पाचवी ओळ त्या रविवारी भरलेली होती, नवी पिन बसली त्यानंतर थोड्याच वेळात. यंत्राचा रकाना कोरा होता. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरचंच माणूस'. त्याच्यापुढे प्रत्येक ओळीला असतो तसा शेवटच्या भेटीचा रकाना होता.

भाचीने घड्याळाकडे पाहिलं नाही. आतल्या खोलीत मावशीचा श्वास संथ लागला होता. तिने ती ओळ पुसली नाही. मावशीचा टॅब सहाव्या ओळीत भरला, आणि फोन बंद करायच्या आधी एकदा पाचवीकडे पाहिलं.

शेवटची भेट: आत्ता. पान एकशे चौदा.

मावशीने एकशे चौदावं अजून लिहायला घेतलं नव्हतं.